लहान जेठ

दगडू, मी अजून 'जेठ'च म्हणतो. तू गेलास म्हणून माझी जीभ सरळ होणार नाही. शोकसभेत आपल्या हायस्कुलाचे मास्तर 'जेट विमान' असं ट तोडून म्हणाले, तेव्हा मी मागच्या बाकावरून मान हलवली. शेजारच्याला वाटलं, म्हातारा रडतोय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत नव्हतो. मी म्हणत होतो, चुकीचं आहे.

मास्तरांनी तुझं सगळं वाचून दाखवलं. जन्म, शाळा, धुळ्याचं कॉलेज, आभाळात किती तास राहिलास, छातीवर कोणकोणते बिल्ले होते. ऐकताना वाटलं, हा कोणी मोठा माणूस दिसतो, आपली याची ओळख असायला हवी होती. म्हणून घरी येऊन मीच लिहायला बसलो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मधली सुटी धरून. वेलांट्या पडतील तिथं पडू देत. तुला माझं अक्षर लागायचं. बाकीच्यांना लागत नसेल तर त्यांनी लावून घ्यावं.

माझ्यानंतरची, तुझ्याआधीची आईची लेकरं राहिली नाहीत, म्हणून तुझं नाव दगडू. दगड जागचा हलत नाही, त्याला कोणी नेत नाही, एवढाच तिचा हिशेब. आणि तू निघालास आभाळात. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "नामा, नाव चुकलं का रे माझं?" मी म्हटलं, नाही गं, गोफणीत घातला तर दगडही उडतो. गोफण कोणाच्या हातात होती ते मी तिला सांगितलं नाही. तुला धुळ्याला शिकायला मीच धाडलं होतं ना.

आणि तिथं गावाबाहेरच्या पट्टीवर कोण्या मंत्र्याचं इवलंसं विमान उतरलं. तू परीक्षेचा पेपर सोडून कुंपणाशी उभा राहिलास. घरी आलास ते चपला न काढता विहिरीवर. मी वाफ्यात पाणी फिरवत होतो.

"नाना, मले ते व्हायचं आहे."

"मंत्री?"

"नाई. ते चालवणारा."

मला बरं वाटलं, खरं सांगतो. मंत्री म्हणाला असतास तर फावडंच घातलं असतं.

पुढचं तू शिकलास कसं, कुठं, ते मास्तरांनी वाचलं आहे. मला लिहायचंय ते आपल्या दोघांचं जे भांडण अर्धं राहिलं त्याचं. पण त्याआधी जेठाचं सांगावं लागेल, नाहीतर दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला वाटेल म्हाताऱ्याला ट म्हणता येत नाही. येतो. टोपी म्हणतो, टमाटा म्हणतो, ट्रक म्हणतो.

आपल्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे बाईचा जेठ. जेठासमोर पदर पुढे ओढायचा, जेठाचं नाव घ्यायचं नाही, जेठाशी सरळ बोलायचं नाही. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. तू सुटीवर आला होतास. बागेत बाया घडांना टेकू लावत होत्या. एकदम सातपुड्याकडून लढाईचं एक विमान कानठळ्या बसवत डोक्यावरून गेलं आणि तू वर बोट करून ओरडलास, "जेट! जेट!" बागेतल्या सगळ्या बायांनी टेकू टाकले आणि सर्रकन पदर ओढले. तुझी वहिनी तर केळीच्या खोडामागे जाऊन उभी राहिली. मग एकमेकींना विचारायला लागल्या, "कोणाचा आला वं?" तू वाफ्यात बसून पोट धरून हसलास, पँटभर चिखल. त्या दिवसापासून आपल्या गावात त्या यंत्राचं नाव जेठ. मी एकटाच चुकतो असं नाही. पण बाकीच्यांनी नंतर टीव्ही बघून सुधारलं. मी नाही सुधारलं.

मग ऐंशी सालानंतर ती लहान गावांची सरकारी विमानसेवा निघाली आणि जळगावच्या पट्टीवर तू पहिल्यांदा स्वतः विमान घेऊन उतरलास. आख्खं गाव केळीच्या ट्रकात बसून आलं होतं. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. तू शिडीवरून उतरलास, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आणि व्यापारी, साहेब, पोलीस सगळ्यांच्या देखत माझ्या पायाशी वाकलास. तू ताडमाड, मी असा बुटका. तुला फारच वाकावं लागलं. लोकांना ते जास्त भक्तीचं वाटलं असेल.

"नाना, चाल बस. मुंबई पाहून उद्या परत."

मी ते विमान नीट बघितलं. बैलाभोवती फिरतात तसा एक फेरा मारला. दोन बाजूंना दोन पंखे.

"ह्यात?"

"काय झालं?"

"पंखा तर आपल्या ग्रामपंचायतीतबी फिरते. पंख्याखालीच बसायचं तर मी तिथीच बसलो असतो."

ट्रकातले लोक हसले. लोक हसले की मला जोर चढतो, हे तुला माहीत होतं.

"मोठे लोक कशात बसतात?" मी विचारलं.

"जेटमधी."

"मंग जेठ आण जळगावले. त्यात बसतो. त्याच्याआधी नाई."

तुझी नवी नवरी, सुमन, तुझ्या मागेच उभी होती. मी 'जेठ' म्हटल्याबरोबर तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. तिथं तिचा जेठ म्हणजे मीच ना. केळीचे एक व्यापारी म्हणाले, "नाना, जेठ तर तुम्हीच झाले, आणखी कोणता पाह्यजे?" पुन्हा हशा. तू पण हसलास. पण तुझ्या कपाळावर ती एक आडवी रेघ उमटली, लहानपणी गणित घातलं की उमटायची ती. मी ती पाहिली आणि म्हटलं, ऊन आहे.

सुमन धुळ्याची, मास्तरीण, शिकलेली. तिनं जेठ पाळायची काही गरज नव्हती. मी पाळ म्हटलं नव्हतं, सोड पण म्हटलं नव्हतं. तू तिला चिडवायचास. पण तिनं पाळलं ते असं की माझ्याशी एक अक्षर सरळ बोलली नाही. घरात तुझी वहिनी असली तर तिच्यामार्फत, तू असलास तर तुझ्यामार्फत, आणि कोणीच नसलं तर मांजरीला. "काय वं मनी, त्यासले सांग ना, चहा थंडा व्हई राहिना." मनी डोळे मिटून पडलेली. मी चहा घ्यायचो आणि मनीला म्हणायचो, "साखर कमी आहे, सांगजो." आपल्या घरात त्या मांजरीला जेवढं काम होतं तेवढं मला कापणीच्या दिवसांत नसायचं.

त्या चार-पाच वर्षांची मला सगळ्यात जास्त आठवण येते. मुंबईहून सकाळी विमान आणायचास, संध्याकाळी न्यायचास, आणि मुक्काम असला की भुसावळची एसटी धरून फैजपूर, तिथून सायकल मागून घरी. हॉटेलची खोली सोडून. विहिरीच्या थारोळ्यावर, पाण्यात पाय सोडून बसायचास. कळण्याची भाकरी, भरीत, वर कांदा. भरलेल्या तोंडानं सांगायचास की हिवाळ्यात तापीवर धुकं बसलं की वरून नदी दिसत नाही, नुसता कापूस पिंजून ठेवल्यासारखा पट्टा दिसतो.

"आपली बाग दिसते का वरून?"

"दिसते ना."

"कशी दिसते?"

"हिरवी."

"सगळ्याइचीच हिरवी आहे."

"आपली जास्त."

खोटं बोलत होतास. पण दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मी बागेच्या मधोमध डोक्याचा रुमाल सोडून उभा राहिलो. तू गेलास वरून. खाली बघितलंस की नाही ते मी कधी विचारलं नाही. आता विचारतो.

मग ती सेवा आटायला लागली. आधी एक दिवस आड. मग आठवड्यातून. मग येईल तेव्हा येईल. व्यापारी पुन्हा रेल्वेनं जायला लागले. एक दिवस तू आलास आणि सायकल न मागता चालतच आलास, तेव्हाच मला कळलं. म्हणालास, विमानं मुंबईला उभी करून ठेवली आहेत, तोंडांवर कापड बांधून. तुम्ही लोक रोज जायचं, हजेरी लावायची आणि घरी यायचं.

"पगार?"

"मिळतो."

"मंग रडतो कायले?"

तेव्हा तू मला ते समजावलंस. वैमानिकाचं लायसन पडून राहिलं की मरतं. मोटारीसारखं नाही. उडत राहावं लागतं, डॉक्टरकडं जावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. थांबला की संपला. "नाना, मले बसून खायचं भ्याव नाई. मी पुन्हा उडीन का नाई, त्याचं आहे." एवढं सरळ तू मला आयुष्यात दोनदाच बोलला असशील.

त्याच उन्हाळ्यात बत्रा साहेबाला घेऊन आलास. तुझ्याबरोबर उडणारा, दिल्लीकडचा, दाराएवढा माणूस. आल्या आल्या भरीत खाल्लं, घामाघूम झाला आणि पुन्हा मागितलं. मला तिथंच आवडला. तेव्हा खाजगी कंपन्या नव्या नव्या निघत होत्या, उद्या कोण राहील नि कोण बुडेल कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही दोघं त्यातली कोणती धरायची ते ठरवायला बसला होतात. निंबाखाली बाज टाकली आणि बाजेवर विमानांचे गुळगुळीत रंगीत कागद पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक कच्चं केळं. मी सूतळी वळत बाजूला बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा ऐकत नाही.

बैलबाजारात दात बघतात तसं तुमचं चाललं होतं. ह्याचं इंजिन शेपटीजवळ, त्याचं पंखाखाली. हे तेल कमी पितं, ते जास्त माणसं घेतं. बत्रा एकेक कागद उचलून तोंडभर कौतुक करायचा. आणि तू कागदाच्या खालच्या बारीक आकड्यांवर बोट ठेवायचास, कपाळाला ती रेघ, आणि कागद बाजूला.

"नाही. हे नको."

"अरे यार, इसमें क्या खराबी है?"

"लांब पळतं."

पुढचा कागद.

"आणि हे?"

"हे पण लांब पळतं."

मला राहवेना. मी म्हटलं, "लांब पळणारा तर चांगला राह्यतो. लांब पळत नाई तो बैल कोण घेते?"

"नाना, हा बैल नाई. हे जेट आहे. लहान जेट."

"लहान जेठ?" मी म्हटलं. "जेठ लहान कसा राहीन? लहान असला तर त्याले दीर म्हनतात."

दारात सुमन चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पदर पुढे होता, चेहरा दिसत नव्हता, पण ट्रेमधले कप खुळखुळायला लागले. ती हसत होती. माझ्यासमोर हसली ती पहिल्यांदा. मग तू बत्राला हिंदीत समजावलंस, जेठ म्हणजे काय, आणि माझ्याकडे हात करून म्हणालास, "ये देखो, छोटा जेठ. पाच फूट भी नहीं है." बत्रानं जो चहा सांडला तो तीन विमानांवर सांडला. त्या दिवसापासून तो मला 'जेठजी' म्हणायला लागला. मी रागावल्यासारखं केलं. रागावलो नव्हतो. पाच फूट मात्र भरतो मी.

खरं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. एक कंपनी तुम्हा दोघांनाही घ्यायला तयार होती. मोठी जेठं, मोठी शहरं, पक्की नोकरी, शिकवायचा खर्च त्यांचा. दुसरी एक नवी कंपनी नुसतं बोलत होती: आम्ही लहान जेठ आणू, लहान गावांना जोडू. जवळ एक विमान नाही. आणि तू, माझा धुळ्याला शिकलेला भाऊ, म्हणालास, मी ह्या दुसऱ्यांकडे जातो.

"दगडू, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे."

"बत्रा जाऊन राह्यला ना मोठ्यात?"

"जाऊ दे त्याले."

"मंग तू काऊन नाई?"

तू थारोळ्यातलं पाणी पायानं हलवलंस.

"उडायचं तर उड त्याच्यासारखं. नाईतर घरी ये, अर्धी बाग तुही आहे, केळीचे पील लावायले शिकवतो. असा मधी लोंबकळू नको."

"ठरलं का सांगतो, नाना."

"ठरलं तर आहे तुहं! काऊन ठरलं ते सांग."

तू थारोळ्यावरून उठलास, तोंडावर पाणी मारलंस आणि एसटीला गेलास. बत्रा जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "जेठजी, आपका भाई पागल है. पर मैं बताऊँगा नहीं क्यों." मला वाटलं, दारू न पिता असं बोलतो म्हणजे दिल्लीकडं असंच बोलत असतील.

मग ती वर्षं. त्यांना काय म्हणायचं मला कळत नाही. त्या नव्या कंपनीनं एक लहान जेठ आणलं, रंगवलं, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले, आणि ज्याचं होतं त्यानं ते परत नेलं. तू जळगावला भाड्याचं घर केलंस. सुमन शाळेत शिकवायची. तू दर काही महिन्यांनी मुंबईला जाऊन यायचास, नवी कंपनी, नवी मुलाखत, नवा कागद. एका ठिकाणी पंख्याच्या विमानावर थोडं उडालास, तेवढ्यानं लायसन जिवंत राहिलं, आणि ती कंपनीही बंद झाली. मी गावात सांगायचो, दगडू मोठ्या कामात आहे. कोणी जास्त विचारलं तर मी त्याच्या बागेवरचा रोग विचारायचो.

एकदा तुझ्या घरी केळी घेऊन आलो तर तू नव्हतास. सुमननं दाराला सांगितलं, मांजर नव्हती म्हणून, की ते पट्टीवर गयेल शेतस. मी गेलो. पट्टीवर शेळ्या चरत होत्या. राखणदार टपरीच्या सावलीत. आणि तू भर उन्हात त्या पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होतास, खाली बघत, काही हरवल्यासारखा.

"काय शोधून राह्यला?"

"खड्डे."

"सरकारच्या खड्ड्याइशी तुले काय करायचं?"

"पाहून ठेवतो. कोणी बुजवले तर आणखी थोडी मियते."

"काय मियते?"

"जागा."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. केळी तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, सावलीत चाल. तू एक केळं सोललंस, अर्धं मला दिलंस, आणि आपण पट्टीच्या कडेला बसून खाल्लं. शेळीनं सालं नेली. आता वाटतं, त्या दिवशी मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. पण मी एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही.

मग गेली आखाजी, अक्षय्य तृतीया. सुमन माहेरी धुळ्याला गेलेली, तू एकटा गावाकडं आलास. तुझ्या वहिनीनं पुरणपोळी केली होती, आमरस होता. बत्राचा फोन आल्याचं तूच सांगितलंस. तो आता सगळ्यात मोठ्या विमानावर आहे, परदेशी जातो. मला जेवण गोड लागेना.

"आणि तू?"

"एक नवीन येऊन राह्यलं नाना. लहान आहे. कमी पळते." तुझे डोळे चमकले. पोरगा असताना भोवरा मिळाल्यावर चमकायचे तसे. "कंपनीवाले म्हनतात, येत्या वर्षात..."

मी ताटावरून हात उचलला. "मले तुह्या जेठाचं काही सांगू नको, दगडू. आयुष्य गेलं तुहं त्या जेठापायी."

तू हसलास. म्हणालास, "तुहंच तर सांगून राह्यलो."

मला वाटलं, थट्टा. तीच जुनी. मी उठून हात धुतले. तू दुसऱ्या सकाळी गेलास. मी फाट्यापर्यंत आलो नाही. नेहमी येत होतो असं पण नाही.

त्यानंतर महिना पण झाला नव्हता. मास्तरांनी 'हृदयक्रिया' म्हटलं. मी तो शब्द लिहून पाहिला, काही समजलं नाही, खोडला.

दहाव्याला बत्रा आला. डोक्यावरचे केस गेलेत, पोट वाढलंय, पण मला बघून दारातच असा रडला की आत बसलेले पाहुणे उठून उभे राहिले. लोक पांगल्यावर मी त्याला निंबाखाली नेलं. तीच बाज. मी म्हटलं, बत्रा साहेब, आता तरी सांगा. तेव्हा तुमच्याबरोबर का नाही आला तो? काय कमी होतं त्या मोठ्या विमानात?

बत्रानं माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं.

दारात सुमन उभी होती. उंबरठ्यावर मनी पडलेली होती. जुन्या मनीची नात असेल. मला वाटलं, आता मांजरीला सांगेल. ती मांजरीला ओलांडून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. पदर खांद्यावर होता. इतक्या वर्षांत मी तिचा पुरा चेहरा पहिल्यांदा बघितला, दगडू. केस पांढरे झालेत रे तिचे.

"नाना," ती म्हणाली. मला नाना म्हणाली. "त्या सगळा जेठ उडाना आधी लांब पयेत. त्यासले आपली जयगावनी पट्टी पुरे नही. म्हनीसन तुमना भाऊले नको व्हतात."

मला अजून कळेना. मी म्हटलं, जळगावच कशाला पाहिजे होतं? देशात पट्ट्या काय कमी आहेत?

"तुमीन म्हनेल व्हतात ना," ती म्हणाली. "जेठ आन जयगावले, मंग बसतो. बठ्ठा गावना देखत. त्यासनी ते मनमा धरी ठेयं."

बत्रानं नाक पुसलं. "मैंने कहा था उसे, जेठजी. कहा, अरे भाई को बंबई ले आ, वहाँ से बिठा दे बड़े वाले में. बोला, नहीं बैठेंगे. उन्होंने जलगाँव कहा है."

मनी येऊन माझ्या पायाला घासून गेली.

तर असं होतं ते, दगडू. ते आकड्यांवरचं बोट, ते खड्डे, ती रेघ. मी तुला घरी ये म्हणत होतो आणि तू घरीच येत होतास, तुझ्या वाटेनं, आणि मी म्हणत होतो लोंबकळू नको. चुकलो असं मी म्हणणार नाही. ट्रकभर लोकांसमोर माणूस काहीही बोलतो, त्याचं कोणी आयुष्य करतं का? तू हट्टी, हे मला माहीत होतं. पण आपल्या घरात हट्टी एकच आहे असं मी धरून चाललो होतो. आणि एक सांगतो, तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगतो. मला आणखी एकदा 'बस' म्हणायला हवं होतंस. एकदाच. लोक नसताना. थारोळ्यावर.

काल सुमनकडे जळगावला गेलो. चहा तिनं हातात दिला आणि विचारलं, "साखर बरी शे का?" सरळ मला. बरी होती. मग मी एकटाच पट्टीवर गेलो. खड्डे आहेत तिथंच आहेत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, तू चालायचास तसा, आणि परत फिरताना पाय दुखले म्हणून मधोमध खाली बसलो.

राखणदार धावत आला. "आजोबा, उठा, इथी बसता येत नाई!"

"काऊन?"

"विमान आलं तर?"

"येऊ दे ना बाबा," मी म्हटलं. "त्यातच बसायचं आहे मले. पंख्याचं असलं तरी चालते."